एका टेबलाची दोन टोकं

माझी सून सुतारकाम करते. सुताराची बायको म्हणून नव्हे. तिचा नवरा, म्हणजे आमचे चिरंजीव, कल्याणला एका कुरिअरच्या ऑफिसात बसतात आणि भिंतीत खिळा मारायचा म्हटलं तरी आधी स्वतःचा अंगठा ठेचून घेतात. करवत, रंधा, पटाशी, सगळं तिचं. आज मी हे चारचौघांत छाती पुढे काढून सांगतो. पण खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं मी हे कुणाला सांगत नव्हतो, आणि कुणी विचारलंच तर विषय बदलून मोकळा व्हायचो.

ती मुरबाडकडची. वडील सुतार, घरात तिघी मुली, भाऊ नाही. ही थोरली. शाळेतून आली की दप्तर टाकून बापासमोर लाकूड धरायला बसायची, धरता धरता कापायला लागली. लग्नात तिच्याबरोबर भांड्यांच्या जोडीला एक पत्र्याची पेटी आली. आमच्या हिला वाटलं साड्या असतील. शेजारच्या बायका जमवून मोठ्या हौसेनं उघडली, तर आत तेल लावून फडक्यात गुंडाळलेले तीन रंधे, पटाश्यांचा जुडगा, काटकोन बघायचा गुण्या आणि दोन करवती. सून आणली की मिस्त्री आणला, असं म्हणून बायका पोट धरून हसल्या. हसली नाही ती फक्त नवरी.

पेटी माळ्यावर टाका, असं मी सांगितलं. तिनं टाकली. दर दसऱ्याला खाली काढायची, हत्यारं पुसायची, हळदकुंकू वाहायची आणि परत वर ठेवायची. मग एका आषाढात आमचं मागचं दार फुगून चौकटीत अडकलं. मी खांदा लावतोय, लाथा घालतोय, दाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. तिनं मुकाट्यानं पेटी खाली काढली, दार बिजागऱ्यांतून उतरवलं, कड रंध्यानं तासली आणि अर्ध्या तासात परत चढवलं. ते दार आजतागायत अडकलेलं नाही, आणि पेटीही परत माळ्यावर गेली नाही. हळूहळू पडवीचा अर्धा भाग तिचा झाला. जवळच्या शेणव्यातून, आसपासच्या पाड्यांतून लोक खाट घेऊन यायचे, पाट घेऊन यायचे, देव्हारा सांगून जायचे.

आता माझं सांगतो. मी फिटर. वाशिंदच्या एका कारखान्यात हयात घालवली. लोखंडाचं एक बरं असतं, आज जसं ठेवाल तसं उद्या सापडतं. पावसात फुगत नाही, उन्हात सुकत नाही. माझ्या हातचं काम कधी परत आलं नाही, हे मी इथं लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यानंतर कुणाचा विश्वास बसणार नाही. आणि ढिल्या नटाशी माझं जन्माचं वैर. त्याला कारण आहे. शेजारच्या मशीनवरच्या माझ्या सोबत्याची दोन बोटं एका ढिल्या नटापायी गेलेली मी डोळ्यांनी बघितली. तेव्हापासून कुठंही नट दिसला की माझी बोटं आपोआप त्याच्यावर जातात. दवाखान्यातल्या बाकाचे नट मी आवळलेत. लग्नाच्या मांडवातल्या पंख्याचे आवळलेत. आमची ही म्हणते, तुमच्या तिरडीचे बांबू नीट बांधलेत की नाही ते तुम्हीच उठून बघाल.

तर मुरबाडच्या वाटेवर एक शाळा आहे. तिथं मुलांना हातकामाचे धडे द्यायला एक खोली काढायची ठरली, आणि तिथल्या सरांनी कुठंतरी सुनेनं केलेली खाट बघितली. सर एक दिवस आमच्या पडवीत येऊन बसले. त्यांना आठ टेबलं हवी होती, साधी लिहायची नव्हे, कामाची. वर हातोडा घातला तरी न हलणारी, जाड फळीची. कल्याणचा एक दुकानवाला लोखंडी सांगाड्यावर प्लाय टाकून द्यायला तयार होता. पण सरांचं मन लाकडावर होतं. अडचण त्यांनी तोंडावर सांगितली, बाईमाणसाकडून एवढं जड काम कधी करून घेतलेलं नाही आणि शाळेच्या समितीतले लोक विचारणार. म्हणून त्यांनी तोड काढली. आधी एकच टेबल करा. ते गणपतीच्या आधी शाळेत येऊ द्या. शिमग्यापर्यंत सरळ राहिलं, फाटलं-वाकलं नाही, तर उरलेली सात तुमची. नाहीतर कल्याणवाला आहेच.

सुनेनं मान डोलावली. पण खरा खटका घरात होता. आमच्या शेजारच्या दोघी-तिघी आटगावच्या बाजूला गोदामात पॅकिंगला जातात, महिन्याचा ठरलेला पगार, न्यायला गाडी येते. आमची ही कधीपासून सुनेच्या मागं लागली होती, की लोकांच्या खाटा ठोकत किती दिवस बसणार, चार बायकांसारखी कामाला जा. तिचंही काही चूक नव्हतं, पडवीतल्या कामाला आज आहे तर उद्या नाही. शेवटी सुनेनंच शब्द दिला. शाळेचं काम मिळालं नाही तर शिमगा झाल्यावर ती गोदामात जाईल आणि पेटी बापाकडे परत पाठवील. परत पाठवील हे ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज जराही हलला नाही, पण पोरीनं त्या रात्री ताटातला भात चिवडून ठेवला. एका टेबलावर तिचं सगळं येऊन ठेपलं होतं आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून मी काय केलं ते ऐका.

श्रावणात तिनं काम काढलं. लाकूड ऐनाचं. बापानं तीन वर्षं शेडमध्ये रचून ठेवलेल्या फळ्या टेम्पोत घालून आणल्या. ऐन म्हणजे नाठाळ लाकूड, दगडासारखं जड आणि मनात येईल तसं हलणारं. चार फळ्या कडेला कड लावून तिनं बावीस इंच रुंदीचा पाट, म्हणजे टेबलाचा वरचा भाग, जुळवला. कडा रंध्यानं अशा मारल्या की दोन फळ्या एकमेकींवर उभ्या ठेवून मागं दिवा धरला तरी उजेडाची रेघ दिसेना. मी तपासलं. मुद्दाम चूक काढायला गेलो होतो. सापडली नाही, तर उगाच खोकलो आणि चहा मागितला.

मग तिनं एक चमत्कारिक गोष्ट केली. जुळलेल्या पाटाच्या टोकाकडून इंचभर रुंदीची एक आडवी चीप करवतीनं कापली, चारही फळ्यांचा तुकडा तिच्यात आला असा. एका बांबूच्या काडीवर त्या चिपेच्या लांबीची खूण केली, आणि चीप सुतळीनं बांधून चुलीच्या वर टांगली. आठ दिवस ती चीप आमच्या भाकरीच्या धुरात लोंबकळत होती. मला वाटलं काहीतरी नवस असेल, सुतारांची रीत असेल. विचारायला काय झालं होतं? पण सासऱ्यानं सुनेला लाकडाचं विचारायचं म्हणजे मिशीला पीळ कमी पडतो ना. आठ दिवसांनी तिनं चीप खाली काढली, काडीशी लावली, आणि आखडलेली जागा नखानं मोजून तिथं दुसरी खूण केली. तीन सूत. म्हणजे इंचाला आठ सूत धरले तर त्यातले तीन. मान हलवून कामाला लागली.

आता टेबलाच्या दोन्ही टोकांना जे बसवायचं होतं, त्याच्यावरच ही सगळी कथा आहे. चार फळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या की त्यांची टोकं उघडी राहतात. ती सुकतात, चिरतात, एक वर जाते एक खाली जाते. म्हणून टोकाला एक जाड पट्टी आडवी बसवतात, सगळ्यांना एका रांगेत धरून ठेवणारी. आमच्या घरात तिला टोपीच म्हणतात. फळ्यांच्या टोकाला तिनं जीभ काढली, टोपीत तशीच खाच पाडली. जीभ खाचेत सरकवली तेव्हा आवाज सुद्धा झाला नाही, बसली. टोपी बाहेरून आत तीन बोल्टनी धरायची होती. बोल्ट टोपीतून आरपार जाऊन फळीत शिरणार आणि फळीच्या खालच्या अंगाला कोरलेल्या खळग्यात त्यांचे नट.

पुढच्या बाजूचा, म्हणजे माणूस उभा राहून काम करतो त्या कडेचा बोल्ट तिनं घट्ट आवळला, तिथं चार बोटं सरसही लावला. टोपीतली बाकी दोन भोकं मात्र तिनं गोल कानस घेऊन लांबट केली. मधलं थोडं, मागचं जास्त. बोल्ट घातले, नट बोटानं फिरवले आणि सोडून दिले. मी खुर्चीत बसून सगळं बघत होतो. भोकं लांबट. बरं लांबट तर लांबट, दोन्ही सारखी तरी असावीत? आणि नट बोटानं फिरतोय, पान्याला हात नाही. माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, पोरीचा रंधा सोन्याचा आहे, पण बोल्ट म्हणजे काय ते बापानं शिकवलं नाही. बिचाऱ्याला तरी कुठून माहीत असणार.

हे मी तिला तोंडावर बोललो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मला वाटलं, हिचा हिरमोड कशाला करा. आपणच गुपचूप करून टाकू, नंतर कधीतरी टेबल जन्मभर टिकलेलं बघून कळेल सासऱ्याचा हात काय होता ते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

टेबल न्यायच्या दोन दिवस आधी ती वडिलांना बघायला माहेरी गेली. मी गाडीला किक मारली आणि वाशिंद गाठलं. तिथं माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाची लेथ आहे. त्याला बाजूला करून मी स्वतः चार बुश काढले. बुश म्हणजे भोकात घट्ट बसणारी लोखंडी नळी, बोल्टला इकडंतिकडं हलू न देणारी. मायक्रोमीटर लावून काढले हो. इतक्या वर्षांनी लेथवर हात पडला, मी अगदी गात होतो. घरी येऊन एका टोकाची दोन्ही लांबट भोकं ड्रिलनं गोल करून घेतली, बुश ठोकून बसवले, वायसर घातले आणि पान्यानं असे आवळले की हत्ती लोंबला तरी ढळणार नाहीत. वर टोपी ढकलून बघितली, केसभरही हलेना. इतका आनंद मला रिटायर झाल्यापासून झाला नव्हता. दुसऱ्या टोकाला ड्रिल लावलं आणि लाइट गेली. लाइट परत आली दुसऱ्या दिवशी, आणि तिच्या आधी आली सून. उरलेले दोन बुश मी खिशात टाकले आणि म्हटलं, चला, निदान अर्धं काम तरी पक्कं झालं.

निघताना तिनं टेबलाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि फळीवर तळहात ठेवून जरा वेळ उभी राहिली. खाली वाकून बघितलं नाही. स्वतःच्या कामाला परत परत काय बघायचं, अशी तिची रीत. टेम्पो गेला.

भाद्रपद गेला, दिवाळी गेली, थंडीचा कोरडा वारा सुटला. सरांचा अधूनमधून फोन यायचा, टेबल झकास आहे, पोरं जीव टाकतायत. मी मनातल्या मनात हसायचो. सून बाकीच्या सात टेबलांसाठी लाकडाचा अंदाज काढत होती. आमच्या हिनंही गोदामाचं नाव काढणं कमी केलं होतं. आणि माघात एका सकाळी सुनेच्या मोबाइलवर सरांनी फोटो पाठवला.

ती पडवीत उभी राहून फोटो मोठा करून करून बघत होती. मग माझ्यासमोर धरला. एका टोकाला पाट मधोमध फाटला होता. टोपीपासून आत हातभर चीर, तिच्यात रुपया उभा राहील एवढी. खाली सरांनी लिहिलं होतं की दुसऱ्या टोकाला टोपी मागच्या कडेनं बाहेर आली आहे, तेव्हा आता समितीला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

मी चष्मा चढवून फोटो जवळ घेतला. पण तेव्हाही, शप्पथ सांगतो, मला वाटलं नाही की हे माझं काम आहे. मला वाटलं, बघा, एवढं पक्कं करूनही फाटलं, म्हणजे लाकूडच खोटं होतं. माणूस स्वतःला किती सोडवतो बघा. ती मात्र एकच वाक्य पुटपुटली, असं होनारच नाय. आणि स्कूटीची किल्ली घेतली. मी म्हटलं मीही येतो. का म्हटलं कुणास ठाऊक. खिशात पाना असतोच माझ्या.

किन्हवलीच्या पुढं रस्ता खराब आहे. ती गाडी चालवत होती, मी मागं बसलो होतो. एरवी खड्डा आला की मामा धरा म्हणते, त्या दिवशी नाही.

शाळेत सर आणि समितीतले एक गृहस्थ वाट बघत होते. सर तसे भले, त्यांनी आधी पाणी दिलं. गृहस्थांनी मात्र सुरुवातच केली की जाऊ द्या ताई, तुम्ही प्रयत्न केलात, एवढं जड काम बायकांच्या ताकदीचं नसतंच. ती आधी धड राहिलेल्या टोकाशी गेली, बाहेर आलेल्या टोपीवरून बोट फिरवलं आणि थोडी मोकळी झाल्यासारखी वाटली. मग फाटलेल्या टोकाशी आली, पदर खोचला आणि मोबाइलची बॅटरी लावून टेबलाखाली शिरली.

कितीतरी वेळ ती खाली होती. मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. मग ती बाहेर आली, गुडघे झटकले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. तिला सगळं कळलं होतं, आणि तिच्या त्या बघण्यानं मलाही सगळं कळलं. चुलीवरची चीप, काडीवरच्या दोन खुणा, लांबट भोकं, एक लहान एक मोठं. सगळं एका क्षणात डोक्यात शिरलं. कानफटात बसावी तसा मी उभा राहिलो.

मी तोंड उघडायच्या आत तीच सरांना म्हणाली, "चूक माजी हाय सर. बोल्ट लावताना हिशोब चुकला. फळी नवी घालून देते."

ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. जिच्या पेटीवर पाणी पडणार होतं ती, माझी मिशी खाली पडू नये म्हणून. आणि गृहस्थ मान हलवत होते, की हेच, हेच आम्ही म्हणत होतो. खरं सांगू? क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. गप्प बसलो असतो तर जगात कुणाला कळलं नसतं. तिनं तर आयुष्यात सांगितलं नसतं. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते, म्हणूनच लिहितोय.

मी म्हटलं, "हिचं काय चुकलेलं नाय. हे टोक मी बिघडवलंय."

झालं, दोघेही माझ्याकडे बघून हसले. म्हणजे वाईट नाही, कौतुकानं. सर म्हणाले की सुनेवर एवढी माया करणारा सासरा आजकाल बघायला मिळत नाही. गृहस्थांनी तर माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खरं बोलतोय आणि कुणाला खरं वाटेना. माझं डोकंच फिरलं. मी खिशातून पाना काढला आणि म्हटलं, बसा खाली दोघं. इथं, जमिनीवर. दाखवतो.

स्वच्छ सदऱ्यानिशी मी त्या भुशात उताणा झोपलो. आधी धड टोकाखाली. सरांना त्यांचा मोबाइल धरायला लावला आणि दाखवलं, हा तिनं लावलेला नट, बोटानं फिरतो. हे तिचं भोक, लांबट. श्रावणात बोल्ट भोकाच्या मागच्या कडेला होता, आता सरकत सरकत पुढच्या कडेला आलाय. मग सुनेला म्हटलं, आता तूच सांग, मला सांगता यायचं नाही. तिनं सांगितलं. लाकूड पावसाळ्यात रुंद होतं, कोरड्यात आखडतं. ऐन तर जास्तच. टोपी आडवी, तिचे तंतू दुसऱ्या दिशेला, ती आखडत नाही. म्हणून पुढून घट्ट धरायची आणि मागून मोकळी सोडायची. टोपी बाहेर आलीय म्हणजे टेबल बिघडलेलं नाही, आपलं काम करतंय. पावसाळ्यात परत आत जाईल. किती बाहेर येईल ते तिनं चुलीवर चीप सुकवून आधीच मोजलं होतं. सरांनी पट्टी लावली. टोपी तीन सुतांना जरा कमी बाहेर होती.

मग मी सरपटत दुसऱ्या टोकाखाली गेलो. बुश दाखवले. म्हटलं, हे लोखंड सुतार घालत नाही, फिटर घालतो, आणि याचे जोडीदार हे बघा, खिशात आहेत. ते दोन बुश मी सरांच्या तळहातावर ठेवले. फळ्यांना आखडायचं होतं आणि मी त्यांना जखडून ठेवलं होतं, मग बिचाऱ्या मधून फाटल्या. गृहस्थ अजूनही तोंड वाकडं करून होते. म्हणून मी पाना लावला आणि मधला नट सोडला, मग मागचा, आणि ठोकून बुश बाहेर काढले. लाकडातून बारीक कटकट आवाज आला. वरून सर म्हणाले, अहो, चीर मिटतेय. पूर्ण नाही मिटली, पण रुपया उभा राहत होता तिथं पोस्टकार्ड जेमतेम शिरेल एवढी झाली, आम्हा चौघांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर तोंड वाकडं करायला काही उरलं नाही.

मी उठून बसलो. केसांत भुसा, सदरा काळा, आणि तोंड कुठं लपवू असं झालेलं. सर टेबलाभोवती दोनदा फिरले. मग सुनेसमोर उभे राहून म्हणाले की सात टेबलं करा, आणि हे फाटलेलं घेऊन जा, त्याच्या जागी आठवं द्या. गृहस्थांनीही मान डोलावली.

ती म्हणाली, "हे नेत नाय सर. हे इथंच ऱ्हाऊ द्या. पोरांना दोन्ही टोकं दाखवा, मला शिकवायला बोलावलंत तरी मी हेच दाखवीन."

मला वाटलं, घ्या, आता जन्मभर माझी शोभा. पण सरांनी लगेच विचारलं की येता का खरंच शिकवायला, आठवड्यातून दोनदा. हे कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं, तिच्याही नाही. ती हो म्हणाली तेव्हा तिचा आवाज हलला. मी तो पहिल्यांदा हललेला ऐकला.

बाहेर येऊन स्कूटीपाशी थांबलो. तिनं माझ्या पाठीवरचा भुसा झटकला. आता राहवेना, मी विचारलं की तुला राग नाही का आला.

"आला. लय आला," ती म्हणाली. "खाली बुश बघितले ना, तवा वाटलं सरळ मुरबाडला बाबांकडं निघून जावं, परत येऊच नये." मग किल्ली लावताना, माझ्याकडं न बघता, "पन तुमी बोललात मामा. सगळ्यांसमोर. आमच्या बाबांनी मला सगळं शिकवलं, पन कुनी गिऱ्हाईक आलं की सांगायचे, मी केलंय. इतक्या वर्षांत माझ्या कामाला माझं म्हननारा पहिला मानूस तुमी."

मी चष्मा पुसायला काढला तो किन्हवली येईपर्यंत परत घालता आला नाही. खड्डे आले की ती म्हणत होती, मामा धरा.